मीटर हातात असल्याशिवाय क्रँक फिरवू नका: इरिडियम-१९२ ने साईटवर रेडिओग्राफी करताना

तळोजा, चाकण, पाताळगंगा, उरण या पट्ट्यात पाइपलाइनचे किंवा प्रेशर व्हेसलचे काम निघाले की वेल्डिंगचे जॉइंट तपासायला रात्रीच्या शिफ्टला गॅमा कॅमेरा येतो. पुढची माहिती नव्याने प्रशिक्षण घेतलेल्या रेडिओग्राफरसाठी आहे, त्याच्याबरोबरच्या हेल्परसाठी आहे आणि परमिटवर सही करणाऱ्या सेफ्टी ऑफिसरसाठीही. प्रमाणपत्र नसलेल्याने ही वाचून कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. भारतात हे काम अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याखाली, प्रमाणित रेडिओग्राफर आणि नेमलेला किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी, म्हणजे आर.एस.ओ., असल्याशिवाय करता येत नाही.

आत काय असते

कॅमेऱ्यात फोटो काढण्याचे काही नसते. क्षीण (डिप्लीटेड) युरेनियमचा जड ठोकळा, त्यातून गेलेली वळणदार नळी आणि नळीच्या मधोमध विसावलेला सोर्स. सोर्स म्हणजे वीतभर लांबीची लवचिक तार. तिच्या एका टोकाला स्टीलची छोटी सीलबंद कुपी, दुसऱ्या टोकाला ड्राइव्ह केबलमध्ये अडकणारी गोटी. साईटवर हिला पेन्सिल किंवा पिगटेल म्हणतात. लांबून क्रँक फिरवला की ड्राइव्ह केबल तिला कॅमेऱ्याबाहेर, गाइड ट्यूब नावाच्या नळीतून जॉइंटपर्यंत ढकलते, आणि उलटा फिरवला की परत आत ओढते. कुपीत इरिडियमच्या बारीक चकत्या असतात. आपल्याकडे त्या ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवून किरणोत्सारी केल्या जातात आणि वाशीच्या ब्रिटकडून (बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी) सोर्स म्हणून पुरवल्या जातात.

इरिडियम-१९२ चे बहुतेक अणू बीटा कण टाकून स्थिर प्लॅटिनम-१९२ होतात. बीटा कण कुपीच्या भिंतीतच अडतात, बाहेर येतात ते गॅमा किरण, बहुतांश ०.३ ते ०.६ एम.ई.व्ही. (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे. जॉइंटमधून आरपार जाऊन फिल्म काळी करतात ते हेच. यात एक गोष्ट साईटवरच्या प्रत्येकाला सांगावी लागते, कारण दरवेळी कुणीतरी विचारतोच: गॅमा लागलेला पाइप किरणोत्सारी होत नाही. फिल्म, कपडे, चहाचा थर्मास, काहीच होत नाही. सोर्स आत गेला की धोका संपला. प्रश्न एवढाच, तो आत गेला हे कशावरून?

उत्तर एकच आहे, सर्व्हे मीटर, म्हणजे किरणोत्सर्गाचा दर दाखवणारा मीटर. क्रँक घट्ट लागला, कॅमेऱ्यावरचा रंग हिरवा झाला, लॉक बसल्याचा आवाज आला, या खुणा उपयोगाच्या आहेत, पण पुरावा नाहीत. तार तुटली किंवा गोटी सुटली तर ड्राइव्ह केबल एकटीच परत येते, आणि क्रँक अगदी नेहमीसारखाच वाटू शकतो.

आज सोर्स किती क्युरीचा आहे

क्युरी हे सोर्सच्या किरणोत्सारितेचे माप. इरिडियम-१९२ चे अर्धायुष्य, म्हणजे हे माप निम्मे व्हायला लागणारा काळ, ७३.८ दिवस. ५० क्युरीचा सोर्स आला असेल तर १५ दिवसांनी ४३.४, ३० दिवसांनी ३७.७, ६० दिवसांनी २८.५, ७४ दिवसांनी २५ आणि १०० दिवसांनी १९.६ क्युरी उरतो. पहिल्या पंधरवड्यात ‘रोज एक टक्का कमी’ हा तोंडी हिशेब चालतो. महिना उलटला की तो चुकत जातो. तेव्हा सोर्सबरोबर आलेला ऱ्हास-तक्ता बघा, आणि तक्त्यावरचा सोर्स क्रमांक कॅमेऱ्यावरच्या पट्टीशी जुळतो ना तेही बघा. दोन कॅमेरे एकाच स्टोअरमध्ये असले की तक्ते हमखास अदलाबदल होतात.

आकडा चुकला तर फिल्म बिघडते, आणि बिघडलेली फिल्म म्हणजे पुन्हा शॉट (एक्सपोजर), अंगावर पुन्हा किरणांचा डोस. एक्सपोजरचा वेळ क्युरीच्या व्यस्त प्रमाणात आणि सोर्स-फिल्म अंतराच्या वर्गाच्या सम प्रमाणात बदलतो. ४० क्युरीला ४ मिनिटे लागत असतील तर २० क्युरीला ८. सोर्स म्हातारा झाला की तो जॉइंटच्या जवळ आणून वेळ वाचवायचा मोह होतो. अंतर निम्मे केले की वेळ चौथाई होतो खरा, पण कडांची अस्पष्टता वाढते आणि तपासनीस फिल्म नापास करतो. शिफ्टमध्ये शॉट कमी घ्यावे लागले तरी चालेल, अंतर प्रोसिजरमध्ये लिहिले आहे तेवढेच ठेवा.

अंतर हीच भिंत

साईटवर शिशाची खोली नेता येत नाही, म्हणून अंतरावर भिस्त ठेवायची. एक क्युरी इरिडियम-१९२ एक मीटरवर ताशी साधारण ०.५ रोन्टजेन देते. ३० क्युरीचा सोर्स म्हणजे ताशी १५ रोन्टजेन, कामापुरते धरायचे तर ताशी १५० मिलीसिव्हर्ट (सिव्हर्ट हे माणसाला होणाऱ्या डोसचे एकक). अंतर दुप्पट की दर चौथाई.

आता हे क्रँकवाल्याला लावून बघा. क्रँकची केबल १० मीटरची असेल तर बाहेर असलेल्या ३० क्युरीच्या सोर्सपासून त्याच्या जागी ताशी १.५ मिलीसिव्हर्ट पडतात. सोर्स बाहेर काढायला दहा सेकंद लागले तर ४ मायक्रोसिव्हर्ट. एवढे ठीक. पण चार मिनिटांचा शॉट होईपर्यंत तो तिथेच मोबाईल बघत उभा राहिला तर १०० मायक्रोसिव्हर्ट, आणि रात्रीत असे वीस शॉट झाले तर २ मिलीसिव्हर्ट. नियामक मंडळाची व्यावसायिक मर्यादा पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला २० मिलीसिव्हर्ट आहे, कुठल्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. म्हणजे दहा रात्रींत वर्ष संपले. हाच माणूस सोर्स बाहेर काढून ६० मीटरवर गेला तर त्याच चार मिनिटांत ३ मायक्रोसिव्हर्टसुद्धा होत नाहीत. चालण्याचा कंटाळा एवढा महाग पडतो.

कॉर्डनचा, म्हणजे लोकांना लांब ठेवणाऱ्या दोरीच्या घेऱ्याचा, हिशेबही याच सूत्रावर. कॉर्डनवर किती दर चालेल हा आकडा तुमच्या मंजूर सुरक्षा नियमावलीतून घ्या. इथे उदाहरणापुरते ताशी १० मायक्रोसिव्हर्ट धरू. ३० क्युरी म्हणजे एक मीटरवर १,५०,००० मायक्रोसिव्हर्ट. भागिले १०, आले १५,०००. त्याचे वर्गमूळ १२२ मीटर. उघड्या सोर्सला चहूबाजूंनी १२२ मीटर. चालू प्लांटमध्ये एवढी जागा कोणी देत नाही, म्हणून टंगस्टनचा कॉलिमेटर, म्हणजे किरण एकाच तोंडातून सोडणारे टोपण, लावायचा. तो किरण सोळा पट कमी करत असेल, म्हणजे चार अर्धमूल्य थरांइतका (एक थर किरण निम्मे करतो) असेल, तर त्या बाजूंना अंतर चौथाई, साधारण ३१ मीटर. कॉलिमेटरच्या उघड्या तोंडासमोर मात्र ही सूट नाही. तिथे आडवा येतो तो फक्त पाइप, आणि स्टीलचा अर्धमूल्य थर साधारण १३ मिलिमीटर आहे. शिशाचा ५ मिलिमीटर, काँक्रीटचा साडेचार सेंटिमीटर. म्हणून जमेल तिथे तोंड जमिनीकडे ठेवा.

पाइप रॅकवर काम असेल तर कॉर्डन जमिनीवर आखून भागत नाही. वरच्या प्लॅटफॉर्मवरचा इन्सुलेशनवाला, मचाणावरचा रंगारी, खालच्या खंदकातला गवंडी, तिघेही गोलाच्या आत असतात आणि दोरी मात्र तिघांनाही दिसत नाही. शिड्यांच्या तोंडाशी माणूस उभा करा. दोरी, तीन पाकळ्यांचे चिन्ह, मराठी-हिंदी-इंग्रजी फलक आणि लुकलुकणारा लाल दिवा हे सगळे हवेच, पण रात्री दोन वाजता झोपेत चालणाऱ्या माणसाला अडवतो तो माणूसच. हेल्परला कॉर्डनवर ठेवून फिल्म लावायला बोलावू नका. दोन कामांना दोन माणसे न्या.

गणित करून लावलेला कॉर्डन पहिल्या शॉटला मीटरने तपासायचा असतो. सोर्स बाहेर असताना दोरीच्या बाहेरच्या अंगाने एक फेरी. जिथे आकडा जास्त, तिथे दोरी मागे.

आणखी एक, जे पुस्तकी प्रशिक्षणात निसटते: काम चालू प्लांटमध्ये असेल तर कंट्रोल रूमला शॉटच्या वेळा आधी कळवा. काही ज्वाला-संवेदक आणि किरणोत्सारी लेव्हल गेज बाहेरच्या गॅमाने फसतात. खोटा अलार्म वाजून युनिट ट्रिप झाले तर त्या रात्रीचे तुमचे काम संपलेच, पुढच्या रात्रीचे परमिटही मिळणे कठीण.

शॉटच्या आधी

मीटरची बॅटरी तपासा, कॅलिब्रेशनची तारीख बघा, आणि मग मीटर कॅमेऱ्याला टेकवा. काटा हलला पाहिजे. आलेला आकडा डायरीत लिहा: कॅमेऱ्याच्या तोंडाशी इतका, मागे इतका. याला आपण सकाळचा आकडा म्हणू. पुढे रात्रभर प्रत्येक शॉटनंतर तुलना याच्याशीच. आकडा जास्त आला तर सोर्स पूर्ण आत नाही हे सगळ्यांना कळते. आकडा फारच कमी आला तरी तितकेच घाबरायचे, कारण सोर्स आत असलेला कॅमेरा थोडासा का होईना गळतोच. रिकामा कॅमेरा जवळजवळ शांत असतो.

टी.एल.डी. बॅज, म्हणजे झालेला डोस साठवून ठेवणारा बिल्ला, छातीवर. तो आता किती डोस झाला हे सांगत नाही. चकत्या प्रयोगशाळेत तापवून वाचल्यावर कळते. म्हणून सोबत पॉकेट डोसिमीटर हवा, शून्यावर आणलेला. पेन्सिलच्या आकाराचा डोसिमीटर हातातून पडला तर तो उगाच मोठा आकडा दाखवू शकतो. तसे झाले तर नोंद करा, नवा लावा, शंका असेल तर बॅज तातडीने वाचायला पाठवा. बॅज कॅमेऱ्याच्या पेटीत ठेवून घरी जाणे ही जुनी वाईट सवय. पुढच्या अहवालात भलामोठा डोस येतो आणि तो माणसाला झालेला नाही हे पटवताना सगळ्यांच्या नाकीनऊ येतात.

जोडणी करताना क्रम असा:

१. गाइड ट्यूब हाताने चाचपून बघा. चेपलेली, पिचलेली किंवा धाग्यांत वाळू गेलेली असेल तर बाजूला काढा. सोर्स अडकतो तो बहुधा इथेच.

२. ट्यूब शक्य तितकी सरळ पसरा. वळण अर्ध्या मीटरपेक्षा कमी त्रिज्येचे नको. वरून पाइप किंवा क्लॅम्प पडणार नाही अशा जागी ठेवा.

३. कॉलिमेटर आणि ट्यूबचे टोक जॉइंटवर पक्के बांधा. शॉट चालू असताना टोक निसटले तर फिल्म जाते आणि कॉलिमेटरचे तोंड कुठेही वळते.

४. ड्राइव्ह केबल पिगटेलला जोडा, मग हलकेच ओढून आणि ढकलून बघा. कॅमेऱ्याबरोबर मापणी-गेज असेल तर गोटी आणि खाच झिजली आहे का ते त्याने तपासा. अर्धवट बसलेली गोटी बाहेर जाताना जाते, परत येताना सुटते.

५. कुलूप उघडण्याआधी हाक द्या आणि प्रत्येक हेल्परकडून उत्तर घ्या. उत्तर आले नाही तर शॉट नाही.

क्रँक जोरात, सलग फिरवा. अर्ध्यावर थांबलात तर सोर्स उघड्या ट्यूबमध्ये, कॉलिमेटरविना राहतो. फेरे मोजा. जितके बाहेर तितकेच आत. परत आणताना एखादा फेरा कमी पडला तर तिथेच थांबून मीटर बघायचे.

आत घेतल्यावर मीटर चालू ठेवून, पुढे धरून, क्रँककडून कॅमेऱ्याकडे चालत जा. कॅमेऱ्याच्या भोवती, मग ट्यूबच्या पूर्ण लांबीवरून टोकापर्यंत. सकाळचा आकडा आला, ट्यूबवर काही नाही, मग कुलूप, मग किल्ली खिशात. त्यानंतर फिल्म बदला. हे प्रत्येक शॉटनंतर, चाळिसाव्यालाही. काही स्वस्त जी.एम. (गायगर-म्युलर) मीटर फार मोठ्या किरणोत्सर्गात गुदमरतात आणि शून्य दाखवतात. मीटर दुरूनच चालू ठेवून चाललात तर काटा चढताना दिसतो. सोर्सजवळ जाऊन चालू केलात तर तेच शून्य तुम्हाला फसवते.

सोर्स आत येत नाही तेव्हा

आहात तिथून क्रँक नेहमीच्याच ताकदीने पूर्ण बाहेर आणि पुन्हा आत, एकदा-दोनदा. आला तर ठीक, मग त्या ट्यूबवर त्या रात्री काम नाही. नाही आला तर क्रँक सोडून मागे या, कॉर्डन मीटरने नव्याने लावा, चारही बाजूंना माणसे उभी करा आणि आर.एस.ओ. ला फोन करा. सोर्स आहे तिथे तासन्‌तास बाहेर राहिला तरी बिघडत नाही. बिघडते ते कोणी हातोडी घेऊन ट्यूब ठोकायला गेला तर. गर्दी, साहेब, कंत्राटदाराचा सुपरवायझर, सगळ्यांना दोरीबाहेर ठेवणे हेच रेडिओग्राफरचे काम.

सोडवणूक आर.एस.ओ. च्या योजनेने होते, आणि योजना म्हणजे सेकंदांचा हिशेब. दोन मीटरच्या चिमट्याने काम करायचे तर ३० क्युरीला माणसाच्या जागी ताशी ३७.५ मिलीसिव्हर्ट, म्हणजे मिनिटाला ०.६. शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या सोर्सवर ठेवायला तीस सेकंद लागत असतील तर ०.३ मिलीसिव्हर्ट. हे तीस सेकंद खरे ठरायचे तर तीच हालचाल आधी खोट्या पिगटेलवर पाच-सहा वेळा करून बघा, घड्याळ लावून. चिमटा, छऱ्यांच्या पिशव्या, शिशाचे भांडे आणि जादा मीटर साईटवर असावेत. ऑफिसात कुलपात असलेली इमर्जन्सी किट रात्री दोनला कामाची नाही. घटना नियामक मंडळाला कळवायची, आणि सर्वांचे बॅज तातडीने वाचायला पाठवायचे.

हाताने उचलू नका

खाली पडलेली पिगटेल दिसायला निरुपद्रवी असते, चकचकीत तारेचा तुकडा. गरम नसते, वास नसतो. ३० क्युरीच्या सोर्सपासून एक सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण २५ ग्रे (शरीरात शोषल्या जाणाऱ्या डोसचे एकक) पडतात. बोटांच्या कातडीला लाली यायला ३ ग्रे पुरतात. म्हणजे सात-आठ सेकंद. त्या क्षणी काही दुखत नाही. लाली, फोड आणि कातडी सोलणे दिवसांनी, आठवड्यांनी येते, म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा त्याला ती तार आठवतही नाही. पेरूमध्ये यानांगोच्या जलविद्युत प्रकल्पावर १९९९ मध्ये एका वेल्डरने असाच इरिडियमचा सोर्स उचलून पँटच्या मागच्या खिशात ठेवला. काही तास तो तिथेच होता. त्याचा पाय कापावा लागला. साईटवरच्या प्रत्येक फिटर-वेल्डरला टूलबॉक्स टॉकमध्ये पिगटेलचा फोटो दाखवा आणि एवढेच सांगा: अशी तार दिसली तर हात लावू नको, लांब हो, दुसऱ्यांना लांब ठेव, आम्हाला बोलाव.

नेणे, ठेवणे, परत करणे

गाडीत कॅमेरा पेटीत कुलूपबंद आणि गाडीला बांधलेला. एसटी, लोकल, रिक्षा, कधीच नाही. पेटीपासून एक मीटरवरचा दर मिलीसिव्हर्टमध्ये घेऊन शंभरने गुणा, तो वाहतूक निर्देशांक. ताशी ८ मायक्रोसिव्हर्ट आले तर ०.००८ गुणिले १००, म्हणजे ०.८. निर्देशांक एकच्या आत आणि पृष्ठभागावर ताशी अर्ध्या मिलीसिव्हर्टच्या आत असेल तर दोन क्रमांकाचे पिवळे लेबल, त्यावर गेल्यास तीन क्रमांकाचे. चालकाच्या सीटवर ताशी २० मायक्रोसिव्हर्टपेक्षा जास्त नको. जास्त आले तर पेटी मागे सरकवा.

साईटवर रात्रीपुरते ठेवायला मंजूर झालेला खड्डा किंवा खोली, कुलूप, रजिस्टर. रजिस्टरमध्ये बाहेर काढल्याची वेळ, परत ठेवल्याची वेळ, दोन्ही वेळचे मीटरचे आकडे आणि सही. ‘ओके’ लिहून मोकळे होऊ नका, आकडा लिहा. कॅमेरा रिकामा होता हे आठवड्याने शोधायची वेळ आली तर तोच कामी येतो.

सोर्स दुबळा झाला म्हणजे संपला नाही. ५० क्युरीचा सोर्स दहा अर्धायुष्यांनी, म्हणजे दोन वर्षांनी, ५० मिलीक्युरीच्या आसपास उरतो, आणि एक मीटरवर अजूनही ताशी सुमारे २४० मायक्रोसिव्हर्ट देतो. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात २०१० मध्ये विद्यापीठातले जुने कोबाल्ट-६० चे उपकरण भंगार म्हणून पोचले, ते फोडले गेले, आणि त्यात एकाचा जीव गेला. शिवाय कॅमेऱ्यातले युरेनियम जड असते, भंगारवाल्याला ते शिसे वाटते. म्हणून जुना सोर्स परवानगी घेऊन पुरवठादाराकडेच परत पाठवायचा, रिकामा कॅमेराही तसाच, आणि पोचपावती मिळेपर्यंत रजिस्टरमधली नोंद बंद करायची नाही.